लहान व्हेल्ड कॅमेलियनसाठी पिंजरा कुठला घ्यायचा आणि खायला कसं द्यायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही शिकागोजवळ राहता, १३ वर्षांच्या मुलासाठी साडेतीन महिन्यांचा व्हेल्ड कॅमेलियन (रंग बदलणाऱ्या सरड्याची एक जात) घ्यायचं ठरतंय. दुकानदार म्हणतोय काचेची छोटी टाकी घ्या, पिल्लू मोठ्या पिंजऱ्यात हरवतं, व्हिडिओवाले म्हणतायत जाळीशिवाय दुसरं काही घेऊच नका, आणि खाण्याच्या बाबतीत कोणी म्हणतं रातकिडे आत सोडून द्या, कोणी म्हणतं वाटीत द्या, कोणी म्हणतं हाताने भरवा. शिवाय तुमचा साताऱ्याचा भाचा शेतात सापडलेला सरडा पाळू का विचारतोय, त्याचंही खाली लिहिलंय. मी ओहायोत कोलंबसला गेली १४ वर्षं व्हेल्ड पाळतोय, अंड्यातून पिल्लं काढून वाढवलीयत, आणि सुरुवातीला चुकाही भरपूर केल्यात, तेव्हा जे स्वतः पाहिलंय तेच सांगतो.

माझं उत्तर असं की पिंजरा आत्ताच पूर्ण मोठा घ्या, २ फूट बाय २ फूट आणि उंची ४ फूट, तीन बाजू बंद, पुढची बाजू आणि वरचं छत जाळीचं, आणि खाणं वाटीत, रोज एकाच जागी. या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठरवताच येत नाहीत, कारण पिंजरा केवढा चालेल हे खाणं कुठे आणि कसं मिळतंय त्यावर ठरतं.

"पिल्लू मोठ्या पिंजऱ्यात हरवतं" हे मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय. अहो, येमेनमधे आणि सौदीच्या नैऋत्येकडच्या डोंगरात हे पिल्लू अंड्यातून निघून जमिनीतून वर येतं तेव्हा त्याच्यासमोर अख्खं झुडूप असतं, ते काही हरवत नाही. हरवतात ते रातकिडे. ४ फुटी पिंजऱ्यात तुम्ही पंधरा बारीक रातकिडे सोडलेत तर पाच मिनिटांत ते कुंडीखाली, झाकणाच्या फटीत, पानांच्या मागे जाऊन बसतात, पिल्लू वर फांदीवर उपाशी, आणि तुम्हाला वाटतं पंधरा खाल्ले. मग लोक पिंजरा लहान करतात म्हणजे किडे समोर येतील. तीन महिन्यांत तो पिंजरा पुरत नाही, परत खर्च, परत नव्या जागेचा ताण. वाटी ठरलेल्या फांदीजवळ बांधली की हा सगळा घोळच संपतो. जागा कमी असेल किंवा मोठा पिंजरा लगेच जमत नसेल तर १८ बाय १८ बाय ३६ इंचाचा चालेल, पण तो सहा-आठ महिन्यांपुरता हे धरून चला. नर वाढून शेपटीसकट दीड फुटाच्या पुढे जातो, मादी त्यापेक्षा बरीच लहान राहते.

आता काच की जाळी. जाळी पाहिजेच म्हणणारे खोटं बोलत नाहीत, फ्लोरिडात अंगणात किंवा दमट हवेत पिंजरा ठेवणाऱ्याला जाळीच बरोबर. पण तुमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत बाहेर पारा शून्याखाली आणि घरात फर्नेस दिवसरात्र चालू. थंड हवेत मुळात पाणी कमी, तीच हवा तापवली की आणखी कोरडी होते, तुमच्या मुलांचे ओठ फुटतात आणि दाराच्या मुठीला हात लावला की करंट बसतो ना, ती हवा. पूर्ण जाळीचा पिंजरा म्हणजे त्याच खोलीतली हवा, तुम्ही सकाळी पाणी फवारलंत तर दहा मिनिटांत सगळं खडखडीत. उलट दुकानात मिळणारी साधी काचेची टाकी, जिला फक्त वरूनच जाळी असते, तिच्यात तळाला हवा कोंडते, ओल राहते, बुरशी धरते आणि श्वासाचे आजार होतात. म्हणून मधला मार्ग. जाळीचाच पिंजरा घ्या आणि मागची आणि दोन्ही बाजूंची जाळी बाहेरून जाड पारदर्शक प्लास्टिक शीट किंवा पन्हळी प्लास्टिकच्या पत्र्याने झाका, किंवा तसाच तयार मिळणारा घ्या. काचेचा घ्यायचाच असेल तर पुढच्या दाराखाली जाळीची पट्टी असलेला उभा प्रकार बघा, खालून गार हवा आत येते आणि दिव्याने तापलेली वरून निघून जाते, चुलीच्या धुराड्यासारखं. हवा खेळती राहिली की काच वाईट नाही. फक्त काचेचा पिंजरा खिडकीतल्या उन्हात कधीच ठेवू नका, तो बघता बघता भट्टी होतो.

पिंजरा टेबलावर किंवा स्टँडवर चढवा, सगळ्यात वरची फांदी माणसाच्या डोळ्यांच्या वर आली पाहिजे. या प्राण्याला वरून कोणी बघितलं की तो शिकार झाल्यासारखा घाबरतो, आणि जो घाबरलेला असतो तो खात नाही. हीटरच्या झोतासमोर नको, टीव्हीच्या शेजारी नको. आणि आपल्या घरांत एक गोष्ट मी मुद्दाम विचारतो, देवघर कुठे आहे? उदबत्ती-धूप जिथे रोज लागतो तिथे किंवा फोडणीचा खाट जिथपर्यंत पोचतो तिथे पिंजरा ठेवू नका.

आत काय हवं? तळाला काही घालू नका, माती-साल काही नको, किचन पेपर टाका म्हणजे विष्ठा दिसते आणि पडलेला किडाही दिसतो. फांद्या आडव्या, वेगवेगळ्या उंचीवर, काही बोटाएवढ्या काही पेन्सिलीएवढ्या, कारण त्याचे पाय चिमट्यासारखे असतात, त्याला पकड घेता येईल अशी जाडी पाहिजे. झाडं खरी लावा. मनी प्लांट सगळ्यात उत्तम, मरत नाही, पानांवर थेंब छान धरतो. शेफलेरा चालतं, जास्वंद तर फारच छान, व्हेल्ड पानं-फुलं पण खातो. नर्सरीतून आणलेलं झाड मात्र नीट धुवा आणि कुंडीतली माती बदला, तिच्यात खताचे दाणे आणि कीटकनाशक असू शकतं, आणि वर मोठे गोटे ठेवा म्हणजे पिल्लू माती खाणार नाही.

लाइटच्या बाबतीत मी जरा कडक बोलणार आहे. २०११ साली माझा पहिला आला तेव्हा दुकानातून अख्खा किट घेतला होता, छोटी टाकी, एक तापणारा बल्ब आणि एक गोल पिळाचा यूव्ही बल्ब. बंड्या नाव ठेवलं होतं. पाचव्या महिन्यात एक दिवस बघतो तर पुढचे हात कोपरापासून धनुष्यासारखे वाकलेले आणि तो जीभ टाकतोय ती किड्यापर्यंत पोचतच नाहीये. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात हाडं नुसती फिकट रेघ दिसत होती. कॅल्शियम मी देत होतो, पण यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, पुरेसं नसलं की शरीर ड जीवनसत्त्व बनवत नाही आणि कॅल्शियम हाडांपर्यंत जातच नाही. उपचारांनी तो वाचला, पण हात तसेच वाकडे राहिले आणि पुढे जितकी वर्षं जगला तितकी वर्षं त्याला चढताना बघून माझ्या पोटात तुटायचं. म्हणून सांगतो, पिंजऱ्यापेक्षा आधी पैसे लाइटवर घाला. लांब नळीचा टी-५ हाय आउटपुट यूव्हीबी दिवा, आर्केडिया कंपनीचा ६ टक्केवाला किंवा रेप्टीसन ब्रँडचा ५.०, छताच्या जाळीवर ठेवायचा आणि सगळ्यात वरची फांदी अशी बांधायची की त्यावर बसलेल्या पिल्लाची पाठ नळीपासून साधारण ८-९ इंच राहील. नळी उजेड देत राहते पण यूव्हीबी कमी होत जातं, म्हणून वर्षाने बदला. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात यूव्हीबी येत नाही, ते धरू नका.

उबेसाठी साधा बल्ब पुरतो. पिल्लासाठी त्या वरच्या फांदीवर ८० ते ८५ फॅरनहाइट, म्हणजे २७ ते २९ सेल्सिअस, त्यापेक्षा जास्त नाही, पिल्लं अंगाने बारीक असतात, पटकन भाजतात. खाली पिंजऱ्यात गार राहू दे, त्याला हवं तेव्हा तो खाली उतरेल. बारा तास दिवे, मग पूर्ण अंधार, रात्री लाल-निळा कुठलाच दिवा नको. रात्री घर ६५ फॅरनहाइटपर्यंत उतरलं तर चांगलंच, त्यांच्या डोंगरात रात्री गारच असतात.

पाणी हा प्राणी बशीतून पीत नाही. पानावरून ओघळणारा थेंब दिसला की चाटतो. सकाळी दिवे लागायच्या आधी दोन मिनिटं बारीक फवारा, रात्री दिवे गेल्यावर परत, आणि दुपारी एक ड्रिपर लावा, पंधरा-वीस मिनिटं पानांवर थेंब पडत राहतील असा. दिवसा मधे सगळं वाळलं पाहिजे, सतत ओलं नको. पाणी पुरतंय का ते विष्ठेवरून कळतं, तिच्याबरोबर जो पांढरा भाग येतो तो पांढराच हवा, गडद पिवळा-नारिंगी झाला तर पाणी कमी पडतंय.

आता खाणं, माझ्या जिव्हाळ्याचा विषय. हे पिल्लू खाताना कधी शांतपणे बघा. आधी एक डोळा एकीकडे, दुसरा भलतीकडे फिरत असतो, मग एक डोळा किड्यावर थांबतो, मान वळते, आणि दुसराही डोळा येऊन तिथेच लागतो. अंग हळूच पुढे मागे झुलतं. तोंड किंचित उघडतं, जिभेचं टोक बाहेर डोकावतं, क्षणभर तसंच, आणि सट्ट. अंगाच्या लांबीहून जास्त लांब जाते ती जीभ. हे सगळं व्हायला किडा हलता हवा, समोर दिसता हवा आणि मधे काही अडचण नको. वाटी बांधताना एवढ्या तीन गोष्टी डोक्यात ठेवल्या की झालं.

मी श्रीखंडाचा पांढरा डबा वापरतो, ५-६ इंच खोल, भिंती गुळगुळीत म्हणजे रातकिडे चढून पळत नाहीत. पारदर्शक डबा वापरू नका, त्याला बाहेरून किडा दिसतो आणि तो प्लास्टिकवरच जीभ मारत बसतो, त्यात जिभेला इजा होते. डब्याच्या मागच्या भिंतीला आतून प्लास्टिकच्या जाळीची एक पट्टी चिकटवा, किडे तिच्यावर चढतात आणि काठाजवळ येऊन दिसतात, नाहीतर सगळे तळाशी गोळा होतात आणि पिल्लाला वाकून खाली जीभ मारावी लागते. पट्टी काठाच्या इंचभर खालीच संपवा. डबा फांदीला तारेने घट्ट बांधा, बसायची फांदी डब्यापासून ६-८ इंचांवर आणि किंचित वर. आत गाजराचा छोटा तुकडा टाका, किडे त्यावर बसतात. पहिले दोन-तीन दिवस तो डब्याकडे ढुंकूनही बघणार नाही, तेव्हा काठावर एक रेशमाची अळी किंवा ब्लॅक सोल्जर फ्लायची अळी ठेवा, ती वळवळते, तिकडे लक्ष जातं. एकदा जागा कळली की सकाळी तुमच्या आधी तिथे येऊन बसेल.

किडा केवढा? पिल्लाच्या दोन डोळ्यांमधे जेवढं अंतर तेवढा, त्याहून मोठा नको. या वयात दिवसातून दोनदा, मिळून १०-१५ बारीक रातकिडे, पंधरा मिनिटांत जेवढे खाईल तेवढे, उरलेले काढून घ्या. साधारण सहाव्या महिन्यापासून एक दिवसाआड करायला लागा, आणि मोठा झाला की एक दिवसाआड तीन-चार किडे पुष्कळ. मागतो म्हणून देत राहिलात तर लठ्ठ होतो.

रातकिडे मोकळे सोडायला माझा विरोध एवढ्यासाठी की उरलेले रात्री बाहेर येतात. मी सुरुवातीला सोडायचो, एका सकाळी पिल्लाच्या मागच्या पायाच्या बोटाला चावून जखम केलेली दिसली, झोपलेला कॅमेलियन प्रतिकार करत नाही हो, तो नुसता फांदी धरून पडलेला असतो. एखादी माशी किंवा अळी सोडायला हरकत नाही, तेवढाच त्याला शिकारीचा व्यायाम, पण ती समोर खाल्ली जाईपर्यंत थांबा. हाताने भरवणं आठवड्यातून एक-दोनदा जरूर करा, मुलाला तेच करायचं असणार आहे. हात स्थिर, तळव्यावर रेशमाची अळी, आणि मुलाने दुसरीकडे बघायचं, थेट डोळ्यात नाही. तो आला तर आला. रंग काळपट पडला, तोंड उघडून फुस्स केलं, अंग चपटं केलं की हात मागे घ्यायचा. फक्त हातानेच खायची सवय लावू नका, तुम्ही चार दिवस नसलात तर उपाशी बसेल. डुबिया झुरळं पौष्टिक असतात पण ती डब्यात निपचित पडून राहतात, म्हणून शिकाऊ पिल्लाला आधी रातकिडे बरे. आणि घरात झुरळं विकत आणायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, न आणताही उत्तम जमतं.

किड्याच्या पोटात काय आहे तेच पिल्लाच्या पोटात जाणार. दुकानातून आणलेले रातकिडे उपाशी असतात, त्यांना निदान एक दिवस नीट जेवू घाला. यात आपलं स्वयंपाकघर फार कामाचं आहे, शेवग्याचा पाला, मोहरीचा पाला, गाजर, रताळं, लाल भोपळा, सगळं इंडियन स्टोअरमधे मिळतं. पालक टाळा, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. मग देताना साधं कॅल्शियम, ड-३ नसलेलं, दर वेळी, पुरी लाटताना कोरडं पीठ झटकतो तेवढंच, किडा पांढराफेक झाला तर जास्त झालं. ड-३ आणि इतर जीवनसत्त्वांची पावडर महिन्यातून दोनदाच, ती जास्त झाली तर अपाय करते.

आणखी एक, हे मुलाला तुम्ही बसवून सांगा. जूनमधे तुमच्याकडे अंगणात काजवे निघतील, मुलं बाटलीत धरतात, आणि पाळीव प्राण्याला द्यावासा वाटतोच. काजवा अजिबात नाही, त्यात सरड्यांना मारणारं विष असतं, एकसुद्धा पुरतो. लॉनवर औषध मारलेलं असतं म्हणून अंगणातले इतर किडेही नको.

घेण्याआधी मागच्या पायाची टाच बघा. टाचेला मागच्या बाजूला छोटा उंचवटा, काटा असेल तर नर, हा जन्मापासून असतो. नसेल तर मादी, आणि मादी नराशिवायही अंडी घालते, तिला खणायला निदान फूटभर खोल ओलसर वाळू-मातीचा डबा लागतो, नाहीतर अंडी आत अडकून जीव जातो. मादीचं खाणं आणि ऊब मोठेपणी थोडी हात राखूनच ठेवायची म्हणजे अंडी कमी होतात. पहिल्यांदाच पाळताय, तर नरच घ्या असं मी सांगेन. आणि एकच. दोन पिल्लं एका पिंजऱ्यात ठेवली तर भांडताना दिसली नाहीत तरी एक दुसऱ्याला दाबतं आणि ते खाणं सोडतं.

भाच्याला माझ्याकडून सांगा की शेतातला तो भारतीय कॅमेलियन १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, पकडणं, घरात ठेवणं दोन्ही गुन्हा आहे. जिथे दिसला तिथे झाडावर सोडून दे आणि गावात कोणी विषारी म्हणून मारत असेल तर थांबव, तो विषारी नाही. आणि बाहेरचा व्हेल्ड भारतात पाळायचा तर तो साइटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मधला प्राणी, २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, कागद नसताना कोणी विकत असेल तर त्याच्या नादी लागू नये.

तुम्हाला एक अडचणीचा प्रश्न विचारतो. भारतात जाता तेव्हा चार-पाच आठवडे घर बंद असतं ना? तेवढ्या दिवसांत रोज येऊन किडे घालणारं, फवारणी बघणारं माणूस आत्ताच ठरलेलं हवं. शेजारच्या मुलाला येऊन आधी दोन वीकेंड करू द्या. तसंच सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवा, नेहमीचा कुत्र्या-मांजराचा डॉक्टर बहुतेक बघत नाही, आणि आणल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत विष्ठेची जंतांसाठी तपासणी करा. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, पोट बिघडवणारा साल्मोनेला जंतू असू शकतो.

पिंजरा, लाइट, झाडं सगळं लावून प्राणी आणायच्या आधी निदान एक आठवडा रिकामं चालवा. सकाळी, दुपारी, रात्री मुलाला वरच्या फांदीचं तापमान आणि आतला ओलावा वहीत लिहायला लावा. दुपारी वर ८५ च्या पुढे जातंय का, रात्री ओलावा किती चढतो, फवाऱ्यानंतर पानं तासाभरात वाळतात का. आकडे सलग चार दिवस सारखे आले की पिल्लू आणा, आणि पहिला आठवडा त्याला हात लावू नका, नुसतं खाणं ठेवायचं आणि लांब बसायचं.